काही दुखत नाही, पण कशातच मन नाही

(वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकच्या म्हसरूळला राहतो. शेती दिंडोरी तालुक्यात आहे, द्राक्षबाग आता मुलगा बघतो. यांचं वय ७३. दोन वर्षांमागे अल्झायमरचं निदान झालं. विसरणं आहेच, त्याची सवय झाली. मला आतून खाणारी गोष्ट वेगळी आहे. हे थंडीत पहाटे बॅटरी घेऊन बागेत जायचे, पानं उलटून भुरी आली का बघायचे. गोडी छाटणीच्या दिवसांत तर जेवायलाही घरी यायचे नाहीत. आता सकाळी खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत तिथेच. ताट पुढं ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. नात आली तरी मान वळवून बघतात, बस. रडत नाहीत, चिडत नाहीत, कुठं दुखतंय का विचारलं तर 'काही नाही' म्हणतात. मागच्या वर्षी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हे भेटायला आले, शेजारी बसले, पण 'कशी आहेस' एवढंही विचारलं नाही. मुलगा म्हणतो, शेती माझ्या नावावर करावी लागली म्हणून बाबा रुसलेत, मुद्दाम करतात. एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली, तिने उलट जास्तच गप्प झाले. आता पाहुण्यांनी सांगितलं की शहरात डोक्याला चुंबक लावून मेंदू जागा करतात, तीस बैठका लागतात. मुलगा बँकेतली ठेव मोडायला निघालाय. हा शॉकच असतो का? आणि हे पहिल्यासारखे होतील का?
— एक भगिनी, म्हसरूळ

उत्तर : काकू, आधी तुमच्या मुलासाठी, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. काका रुसलेले नाहीत. रुसलेला माणूस आपल्याकडे कुणी बघतंय का, समजूत काढायला येतंय का, याची वाट बघत असतो. काकांना त्याचीही ओढ उरलेली नाही. तुम्ही जे लिहिलं आहे त्याला वैद्यकात अ‍ॅपथी म्हणतात आणि ते अल्झायमरचंच लक्षण आहे, विसरण्याइतकंच खरं. अल्झायमर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत ते दिसतं. वागण्यातल्या बदलांमध्ये इतकं सर्रास आढळणारं दुसरं लक्षण नाही, तरी त्यासाठी म्हणून रुग्णाला दवाखान्यात आणणारी घरं फार कमी. रात्री ओरडणाऱ्या, घरातून निघून जाणाऱ्या माणसाला लगेच आणतात. खुर्चीत शांत बसणारा 'त्रास देत नाही' म्हणून तसाच राहतो, आणि त्याचं चालणं, बोलणं, जेवण एकेक करून कमी होत जातं. याची मला फार काळजी वाटते, म्हणून तुमच्या पत्राला यावेळी जास्त जागा देते आहे.

मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही अर्ध्या भागांच्या मधल्या बाजूला, एक पट्टा असतो. तो आत खोलवरच्या काही पेशीसमूहांशी जोडलेला असतो. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, त्यातून काही हाती लागेल हा अंदाज, आणि तेवढ्यासाठी उठण्याचे कष्ट घ्यावेत की नाही हा हिशेब, हे सगळं या जोडणीतून चालतं. डोपामिन नावाचं रसायन तिथं महत्त्वाचं काम करतं. अल्झायमरमध्ये ही जोडणी विस्कटते. हातापायात बळ असतं, छाटणीचं ज्ञानही बरंचसं शाबूत असतं. विहिरीला पाणी आहे, मोटर चांगली आहे, पण स्टार्टरच पकडत नाही, अशी ती गत. दुसऱ्याच्या दुखण्याने आतून हलणं, हेही याच जोडणीवर चालतं. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी काकांनी विचारलं नाही ते प्रेम आटलं म्हणून नव्हे. हे वाचून तुमचं दुःख कमी होईलच असं मी म्हणत नाही. पण बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार त्या एका दिवसावरून तोलू नका, एवढी मनापासून विनंती.

डिप्रेशन आणि हे, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून गल्लत होते. उदास माणसाला त्रास होत असतो. त्याला रडू येतं, 'मी ओझं झालो' असं तो म्हणतो, झोप उडते, मरणाचे विचार येतात. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून पक्कं निदान समोर बसून बोलल्यावरच होईल. पण गोळीनंतर काका जास्त गप्प झाले, हे तुमचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. डिप्रेशनसाठी देतात त्या, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांनी काही लोकांच्या भावना आणखी बोथट होतात. ज्यांनी ती दिली त्यांनाच हे जसंच्या तसं सांगा आणि गोळी कमी करायची का ते विचारा. मनाने बंद मात्र करू नका. अचानक थांबवली तर चक्कर, घाबरं होणं, झोप बिघडणं असे त्रास होतात.

त्याच भेटीत थायरॉइड, बी-१२, सोडियम आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कानात मळ साचलाय का, मोतीबिंदू वाढलाय का, पोट रोज साफ होतंय का, हेही बघून घ्या. काका घेतात त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, झोपेच्या आणि वारंवार लघवी होऊ नये म्हणूनच्या गोळ्यांसकट, कारण त्यांतल्या काही मेंदूला सुस्त करतात. आणि हा बदल महिनोन्‌महिने हळूहळू न येता चार-आठ दिवसांत एकदम वाढला असेल, किंवा मध्यंतरी काका पडले असतील, तर थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. डोक्याला मुका मार लागून आत रक्त साकळलं की म्हातारपणी असंच गप्प होणं दिसू शकतं.

आता चुंबक. हा शॉक नाही. शॉक म्हणतात त्या उपचारात भूल देऊन विजेच्या मदतीने मुद्दाम फिट आणली जाते. चुंबकाच्या उपचारात रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, संपल्यावर स्वतःच्या पायाने घरी जातो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं यंत्र पहिल्यांदा दाखवलं. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण करतं. शाळेत फॅरेडेचा नियम शिकवतात, तोच हा. प्रवाह दोन-तीन सेंटिमीटर खोलपर्यंतच पोचतो. यंत्राचा टक्‌टक् आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालतात. कपाळाच्या कातडीला टोचल्यासारखं होतं, भुवई किंवा जबडा उडतो, काहींचं डोकं दुखतं. पहिल्या दिवशी किती जोर लावला की हाताचा अंगठा हलतो ते बघतात आणि त्यावरून त्या रुग्णाची मात्रा ठरवतात. हे न करताच कुणी उपचार सुरू केला तर तिथून उठून या.

अ‍ॅपथीसाठी वेटोळं बहुतेक वेळा कपाळाच्या वरच्या डाव्या भागावर धरतात. मघाशी सांगितलेला मधला पट्टा याहून खोल आहे, तिथं साधं वेटोळं थेट पोचत नाही. वरचा भाग त्या पट्ट्याशी जोडलेला आहे, तेव्हा वरून दिलेली चालना आतपर्यंत जाईल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये हे यंत्र डिप्रेशनसाठी मान्य केलं, आणि डिप्रेशनमध्ये गोळ्यांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांना त्याचा खरोखर उपयोग होतो. डिमेन्शियातल्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती आणि बुद्धी घटवणाऱ्या आजारांतल्या, अ‍ॅपथीसाठी मात्र अशी मान्यता त्यांनी कुठल्याही यंत्राला दिलेली नाही, आणि कुठल्या गोळीलाही नाही.

मग या यंत्राचं नाव या आजाराबरोबर का घेतलं जातं? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरचे २० रुग्ण, चार आठवड्यांत २० बैठका. काहींना खरा उपचार, काहींना फक्त यंत्राचा देखावा, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही. अ‍ॅपथी मोजायची एक प्रश्नावली असते, तिचे गुण १८ ते ७२. खरा उपचार घेतलेल्यांमध्ये सुधारणा देखाव्याच्या गटाहून सुमारे १० गुणांनी जास्त निघाली. हा फरक लहान नाही, आणि तो वाचून मलाही आनंद झाला होता. पण २० माणसं म्हणजे म्हसरूळच्या एका गल्लीतलीही सगळी घरं नव्हेत. त्यातल्या दोघा-तिघांची तब्येत दुसऱ्याच कारणाने सुधारली किंवा बिघडली तरी निकाल हलतो. एवढ्यावर ठेव मोडायचा सल्ला मी देऊ शकत नाही. गोळीच्या बाजूला पुरावा जरा जाड आहे. मेथिलफेनिडेट हे औषध २०० रुग्णांवर सहा महिने तपासलं गेलं, निकाल २०२१ मध्ये आला, अ‍ॅपथी कमी झाली पण बेताने. रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि घटणारं वजन यांवर नजर ठेवून, कडक नियंत्रणाखालीच ते द्यावं लागतं. काकांना ते चालेल का, हे त्यांचा ईसीजी आणि वजन बघितल्याशिवाय कुणी सांगू नये.

त्या देखाव्याच्या गटाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या निर्णयाची किल्ली मला तिथं दिसते. समजा तुम्ही उपचार सुरू केलात. रोज सकाळी काकांची दाढी होणार, धुतलेला सदरा घातला जाणार, म्हसरूळहून गाडीत बसून दिंडोरी नाक्यावरून पुढं शहरात जाणं होणार. तिथं कुणीतरी हसून 'या काका' म्हणणार, अर्धा तास त्यांच्याजवळ बसणार. येताना मुलगा चहाला थांबणार. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, ठरलेल्या वेळी. खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाच्या आयुष्यात हे सगळं एकदम आलं तर तो थोडा उजळणारच, यंत्र बंद असलं तरी. म्हणूनच अभ्यासात देखावा लागतो. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की यंत्राआधी हे बाकीचं सुरू करा. त्याला ठेव मोडावी लागत नाही.

ते करायचं कसं, हे तुमच्या बागेतलंच उदाहरण देऊन सांगते, कारण काकांना जे आयुष्यभर येत होतं त्यातूनच वाट निघेल. 'आज काय करायचं काका?' असं विचारू नका. निवड करणं हेच त्यांना सगळ्यात जड आहे, उत्तर 'काही नको' असंच येणार. 'बागेत येता का?' हेही नको. मुलाने समोर उभं राहून चप्पल पुढं ठेवावी, हात पुढं करावा आणि म्हणावं, 'चला बाबा, चप्पल घाला.' एका वेळी एवढंच. चप्पल घातली की 'गाडीत बसू.' बागेत गेल्यावर एखादी काडी त्यांच्या हातात धरायला द्यावी आणि तिच्यावरच्या कोंबाकडे बोट दाखवून विचारावं, 'हा डोळा ठेवू का काढू?' हो किंवा नाही एवढंच उत्तर लागतं, आणि हात ओळखीच्या कामाला लागला की पुष्कळदा तो पुढं आपोआप चालतो. सुरुवात दुसऱ्याने करून दिली तर काम पुढं नेता येणं, हे या रुग्णांत आम्हाला वारंवार दिसतं. कात्री हातात द्यायची असेल तर कुणीतरी बाजूलाच उभं राहावं. विरळणीच्या दिवसांत घडातले मणी काढायला बसवता येईल, बेदाण्याच्या दिवसांत ट्रे पुढं घेऊन निवडायला. काम नीट झालं का, हे बघू नका. त्यांनी निवडलेले बेदाणे पुन्हा निवडावे लागले तर ते त्यांच्या पाठीमागे निवडा.

वेळ रोज तीच ठेवा, शक्यतो सकाळची, पंधरा-वीस मिनिटांची. दुसऱ्यांदा म्हणूनही उठले नाहीत तर सोडून द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा नव्याने म्हणा, मागचं 'नको' आठवू न देता. रागावून उठवलं तर शरीर उठतं, पण दुसऱ्या दिवशी चप्पल बघूनच ते आखडतात. नातीला सांगा, समोर बसून 'आजोबा, मला ओळखलंत का?' अशी परीक्षा घेऊ नको. त्यांच्या हातात शेंगा दे आणि दोघं मिळून सोला. घरात कुणाला भजनाची, जुन्या गाण्यांची आवड असेल तर त्यांच्या तरुणपणी ऐकलेलं लावा, पण दिवसभर चालू ठेवू नका, नाहीतर तोही भिंतीवरचा आवाज होऊन जातो. सहा ते आठ आठवडे हे नेटाने करा आणि एका वहीत रोज एकच गोष्ट लिहा : आज काकांनी कुणी न सांगता काय केलं. पाणी मागितलं, खिडकी लावली, कुत्र्याला हाकललं, काहीही. पुढच्या भेटीत ही वही मला किंवा तुमच्या डॉक्टरांना कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगेल.

यानंतरही कुटुंबाला चुंबकाचा उपचार करून बघायचा असेल तर मी आडवी येणार नाही. धोका थोडा आहे, पण शून्य नाही. सगळ्यात गंभीर म्हणजे फिट येणं, ते दुर्मीळ आहे. मात्र अल्झायमरमध्ये फिटची शक्यता मुळातच थोडी वाढलेली असते. काकांना पूर्वी कधी फिट आली होती का, दारूची सवय आहे का, ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रोपिऑन यांसारख्या गोळ्या चालू आहेत का, हे न विचारताच यंत्र लावणाऱ्यांकडे जाऊ नका. पूर्ण खर्च, बैठका किती आणि मध्येच थांबवलं तर पैशांचं काय, हे कागदावर लिहून घ्या. अ‍ॅपथी आधी आणि नंतर कशाने मोजणार, हे विचारा. 'बघा, चेहरा फ्रेश दिसतोय' हे मोजमाप नव्हे. 'आमच्याकडे यावर संशोधन चालू आहे' असं कुणी म्हणालं तर उपचारांच्या चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा आणि नीतिसमितीची परवानगी दाखवायला सांगा. खऱ्या संशोधनात त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

आणि काकांची संमती. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. अ‍ॅपथी असलेला माणूस कशालाच विरोध करत नाही. 'डोक्याला यंत्र लावू का' म्हटलं तरी 'बरं' म्हणेल, आणि त्या 'बरं'ला संमती समजणं बरोबर नाही. त्यांना आधी नुसतं यंत्र दाखवायला न्या, आवाज ऐकू द्या, दोन साध्या वाक्यांत सांगा आणि थोड्या वेळाने विचारा, 'तिथं काय करणार आहेत?' ते स्वतःच्या शब्दांत काही सांगू शकले तर उत्तम. नाही तर तुम्ही आणि मुलाने बसून विचार करा, आजारी पडण्याआधीचे काका याला काय म्हणाले असते? बैठकीत त्यांनी डोकं बाजूला घेतलं, हात वर केला, तर त्या दिवशी तिथंच थांबायचं, पैसे भरलेले असले तरी.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पहिल्यासारखे होणार नाहीत, काकू. चुंबकाने नाही, गोळीनेही नाही, मूळ आजार पुढं जात राहणार. पण दिवसातली दोन-तीन तासांची जाग परत येऊ शकते, आणि ती मिळवण्यासाठी झटायला हवं असं मला पक्कं वाटतं. तुमचा गुडघा अजून पूर्ण बरा झालेला नसणार, काकांना उठवण्या-बसवण्याचं काम मुलाने आणि सुनेने वाटून घ्यावं. रात्री फारच एकटं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आपण रुग्ण नाही, मग फोन कसा करायचा, असा संकोच करू नका.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे, रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया आहे असं सांगितलंय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. ऑनलाइन विकत मिळणारं डोक्याला लावायचं एक लहान यंत्र बघितलं, दोन ओले स्पंज आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढंच असतं त्यात. हे मी घरीसुद्धा बनवू शकतो. करून बघू का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : नको. तुम्ही ते बनवू शकाल याबद्दल मला शंका नाही, आणि आईसाठी काहीतरी हाताने करावंसं वाटतंय हेही समजतं. हे चुंबकाचं यंत्र नव्हे. यात एक ते दोन मिलिअँपिअर इतका मंद, सरळ प्रवाह कातडीतून वीस-तीस मिनिटं सोडतात. प्रवाह थोडा आहे म्हणून निर्धोक, असं मानू नका. स्पंज वाळला किंवा एका कडेला दाबला गेला की तेवढ्याच ठिकाणी प्रवाह एकवटतो आणि कातडी भाजते. तुमची आई 'चटका बसतोय' असं म्हणणार नाही, कारण न सांगणं हाच तिचा आजार आहे. शिवाय तिच्या मेंदूत आधीच कुठं कुठं रक्तपुरवठा तुटलेला आहे. अशा जागांवरून प्रवाहाचा रस्ता बदलतो, आणि तुम्ही डाव्या कपाळावर ठेवलेला स्पंज आत नेमकं कुठं परिणाम करतोय, हे घरात बसून कळायला मार्ग नाही.

आणि मुळात याने अ‍ॅपथी जाते का? ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी मध्यम टप्प्यातल्या अल्झायमरच्या ४० रुग्णांवर हाच प्रयोग केला होता, दोन आठवड्यांत सहा बैठका. २०१४ मध्ये निकाल छापला. खरा प्रवाह मिळालेल्यांत आणि देखावा मिळालेल्यांत फरक निघाला नाही. जास्त बैठका दिल्या असत्या तर निघाला असता का, हे तपासणारे लोक आहेत आणि त्यांनी जरूर तपासावं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तुमचं कसब दुसरीकडे लावा. आईचा पलंग भिंतीपासून फिरवा, म्हणजे दारातून येणारं-जाणारं माणूस दिसेल. टायमरवर चालणारा एक लहान स्पीकर बसवा आणि त्यात तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा : 'आई, उठ, देवाची फुलं काढायची वेळ झाली.' एवढंच वाक्य, रोज त्याच वेळी. त्या वेळी घरातल्या कुणीतरी परडी घेऊन तिच्या समोर उभं राहायला हवं, नुसत्या आवाजाने ती उठणार नाही. रात्री उठून संडासला जाताना आपोआप लागणारा मंद दिवा बसवा. रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया असेल तर तिचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं हा कुठल्याही यंत्राच्या आधीचा उपचार आहे. तिच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे रोज तुम्ही स्वतः बघा.

प्रश्न : आईला डिमेन्शिया आहे, ती फार अलिप्त झाली आहे. तिच्या कानात काही वर्षांपूर्वी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवतात ते यंत्र, बसवलंय, आणि गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. चुंबकाचा उपचार चालेल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : गुडघ्याची अडचण नाही, तो वेटोळ्यापासून पुष्कळ लांब असतो. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर मात्र हा उपचार करायचा नाही. त्याचे भाग डोक्यातच असतात, चुंबकीय क्षेत्राने ते बिघडू शकतात, हलू शकतात. मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला लोखंडी गुणधर्माची क्लिप लावलेली असेल किंवा मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवलेले असतील, तर त्यांनाही हेच लागू. पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

पण तुमच्या आईच्या बाबतीत मी आधी त्या इम्प्लांटकडेच बघेन. त्याचा बाहेरचा भाग रोज लावला जातो का? बॅटरी संपली की बदलली जाते का? शेवटचं मॅपिंग, म्हणजे त्याची आवाजाची जुळणी, कधी झालं? अलिप्त झालेली व्यक्ती 'मला ऐकू येत नाही' अशी तक्रार करत नाही. ती नुसती गप्प बसते आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. दातदुखी, तहान, चावणारी चप्पल, सगळ्याचं तसंच. उद्या सकाळी इम्प्लांटची बॅटरी बदला, तिच्या मागच्या बाजूला उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा, ती वळते का बघा, आणि ज्या केंद्रात ते बसवलं तिथल्या ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञांची, या आठवड्यातली वेळ घ्या.